इंग्रजीत नेत्यांसाठी प्राण्यांची नवी रूपकं कशी घडवायची?

अनुस्वार: ब्रिटन-अमेरिकेच्या राजकारणावर इंग्रजीत लिहिताना पक्ष बदलणाऱ्यासाठी 'कमिलियन' (रंग बदलणारा सरडा) या शब्दापलीकडे काही सुचत नाही, आणि तो शब्द पार गुळगुळीत झालाय. नवं घडवायचं तर सुरुवात कुठून करावी? समजावून न सांगता कळायला हवं.

पानोपानी: प्राण्यापासून सुरुवात केलीत की फसलात. आधी नेता नेमकं काय करतो ते क्रियापदात लिहा, मग तसं वागणारा प्राणी शोधा. १९०७ साली ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाला, हाऊस ऑफ लॉर्ड्‌सला, राज्यघटनेचा राखणदार कुत्रा म्हटलं जायचं. लिबरल मंत्री लॉईड जॉर्ज म्हणाले, हा तर विरोधी पक्षनेते बाल्फोर यांचा पूडल (लाडावलेला पाळीव कुत्रा)! त्यांच्यासाठी वस्तू आणतो, त्यांच्यासाठी भुंकतो, ते छू म्हणतील त्याला चावतो. विरोधकांचाच कुत्रा घेऊन फक्त जात बदलली. इराक युद्धाच्या वेळी ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांना अमेरिकी अध्यक्ष 'बुशचा पूडल' म्हटलं, तेव्हाही कुणाला फोड करून सांगावी लागली नाही.

आणि नुसता प्राणी पुरत नाही, त्याची अवस्थाही हवी. 'डक'मधून काहीच कळत नाही, 'लेम डक'मधून (लंगडं बदक) कळतं. अठराव्या शतकात लंडनच्या शेअरबाजारात देणी न फेडू शकणाऱ्याला तसं म्हणत. पुढे अमेरिकेत वारसदार निवडून आल्यावरही खुर्चीवर असलेल्याला तो शब्द चिकटला. १९७८ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री डेनिस हीली यांनी विरोधी पक्षाच्या जेफ्री हाऊ यांच्या टीकेला मेलेल्या मेंढीच्या हल्ल्याची उपमा दिली. त्यातली 'मेलेली' काढा, काय उरतं?

काठावरचा: मराठी कानावर विसंबू नका. आपली कोकिळा गोड गळ्याची. इंग्रजीत 'ककू' म्हटलं की डोकं फिरलेला, नाहीतर दुसऱ्याच्या घरट्यात घुसलेला. घुबड आपल्याकडे अशुभ, तिकडे शहाणं.

पानोपानी: पक्षबदलूसाठी 'हर्मिट क्रॅब' बघा. हा खेकडा रिकाम्या शंखात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख गाठतो. कधीकधी लहानमोठे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात; सर्वांत मोठ्याने घर बदललं की मागचे एकेक पुढच्याच्या शंखात शिरतात. नेत्यामागोमाग अख्खा गट जातो तेव्हा हे चपखल बसतं. अडचण एकच. 'हर्मिट' वाचून एकांतवासी डोळ्यांपुढे येतो. म्हणून वाक्यातच शंख आणा: 'अ हर्मिट क्रॅब ऑन हिज थर्ड शेल'. तेवढ्याने अर्थ उघडतो. सरड्याचा रंग बदलतो, इथे घर बदलतं. पक्षांतराला घरच जवळचं.

काठावरचा: पटलं. एक मात्र कटाक्षाने पाळा: रूपक वागण्यावर असू द्या, रंगरूपावर किंवा वंशावर नाही. कृष्णवर्णीय नेत्याला माकड म्हणणं ही वर्णद्वेषी शिवीच आहे, मग हेतू काहीही असो. बाईला 'काऊ' (गाय) म्हटलं तर तीही शिवीच. उंदीर-झुरळं माणसांच्या गटाला लावूच नका. एकट्या फुटीराला 'रॅट' म्हणण्याची चाल मात्र ब्रिटनमध्ये जुनी आहे, त्याचं क्रियापदही होतं.