गॅस फायरप्लेसचा रिमोट अर्ध्या तासात आपोआप बंद होतोय, कुणाला माहिती असेल तर सांगा

कणकुंबी_घाटमाथा
नमस्कार मंडळी. जांबोटीच्या पुढं कणकुंबीच्या अंगाला आमचं शेतातलं घर आहे, त्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. आमच्याकडं पावसाळ्यात घरात काय ओल धरते ते खानापूर भागातल्यांना सांगायला नको, म्हणून हॉलमध्ये गॅसची फायरप्लेस बसवली. आतेभाऊ अमेरिकेहून कायमचा परत आला तेव्हा सामानाबरोबर त्यानं ती आणली, धुराची पाईप भिंतीतून बाहेर काढलीय. आधी भिंतीवर साधं बटण होतं, काही तक्रार नव्हती. आता आईला उठून वाकायला जमत नाही म्हणून रिमोट बसवला. किटमध्ये हातातला रिमोट आणि एक चपटा डबा (रिसीव्हर) आहे, तो डबा खाली आगीच्या पेटीखालीच जाळीमागं ठेवलाय. चालू होतं, छान चालतं, खरं अर्ध्या तासानं पीप पीप करून मोठी आग विझते. खालची छोटी ज्योत मात्र तशीच राहते. थोड्या वेळानं परत दाबलं की परत चालू. आणि कधी कधी तर दाबून दाबून अंगठा दुखतो, ढिम्म हलत नाही. वायरमन म्हणतोय बॅटरीची कटकट नको, डायरेक्ट लाईटचं कनेक्शन देऊया. देऊ काय?

उद्यमबाग_अण्णा
लाईटचं कनेक्शन अजिबात देऊ नका ओ! हे आधी वाचा आणि वायरमनलाही दाखवा. तुमची फायरप्लेस छोट्या ज्योतीवाली आहे म्हणजे बहुतेक मिलीव्होल्टची. त्या पायलट ज्योतीत एक दांडी असते, थर्मोपाईल म्हणतात, ती तापली की स्वतःच थोडी वीज तयार करते, साधारण अर्धा ते पाऊण व्होल्ट, आणि तेवढ्यावरच गॅसचा मोठा व्हॉल्व्ह उघडतो. बाहेरची वीज लागतच नाही, म्हणून तर लाईट गेली तरी चालते, तुमच्याकडं पावसात ह्याचा केवढा उपयोग आहे. भिंतीवरचं बटण फक्त दोन वायरी जोडायचं आणि सोडायचं काम करत होतं, आणि रिसीव्हरसुद्धा तेवढंच करतो, दुसरं काही नाही. त्या दोन वायरीत २३० व्होल्ट सोडले तर व्हॉल्व्ह जळून जाईल आणि गॅसच्या शेजारी ठिणगी पडेल ती वेगळीच.

आता पीप पीप. बऱ्याच रिसीव्हरमध्ये उष्णतेची सेफ्टी असते, डबा साधारण ५५ डिग्रीच्या आसपास तापला की आधी शिट्टी मारतो आणि मग आग बंद करतो. तुम्ही डबा आगीखालीच ठेवलाय, मग दुसरं काय होणार, तो बिचारा आपलं काम बरोबर करतोय. डबा बाजूला काढा.

आणि कुठलंही बिघडलं की पहिली तपासणी ही करा: रिसीव्हरच्या दोन्ही वायरी व्हॉल्व्हवरून काढा (टीएच आणि टीएच/टीपी असं लिहिलेल्या पट्ट्या असतात), पायलट चालू ठेवून त्या दोन पट्ट्या वायरच्या छोट्या तुकड्यानं जोडा. मोठी आग लागली तर व्हॉल्व्ह आणि थर्मोपाईल ठीक, दोष रिमोटच्या बाजूला. नाही लागली तर रिमोटला शिव्या घालून उपयोग नाही, पायलटची दांडी काजळली असेल किंवा कमजोर झाली असेल. लोक हे न करता तीन तीन रिमोट बदलतात हो, बघून जीव तुटतो.

निपाणीवाला
सेल कुठले घातलाय? रिचार्जचे असतील तर काढा. ते १.२ चे असतात, चार मिळून ४.८ व्होल्टच होतात, रिसीव्हरला ६ पाहिजेत. चांगले अल्कलाईन घाला. आणि स्प्रिंग बघा, हिरवं पांढरं काही धरलंय काय.

कणकुंबी_घाटमाथा
अण्णा, निपाणीवाले, दोघांचे आभार. सेल साधेच होते खरं झाकण उघडल्यावर एका स्प्रिंगवर पांढरट हिरवी पावडर धरलेली, ओलीनंच. लिंबाचा रस लावून जुन्या ब्रशनं घासलं, कोरडं पुसलं. वायरच्या तुकड्याची तपासणीही केली, मोठी आग लगेच लागली. आता डबा भिंतीवर जुन्या बटणाच्या जागी आणतोय.

टिळकवाडीकर
रिमोटच्या आधी मला गॅसची काळजी वाटते म्हणून विचारतो. अमेरिकेत बऱ्याच घरात पाईपचा नॅचरल गॅस असतो, आपल्याकडं सिलिंडरचा एलपीजी. दोन्हीचं जेट वेगळं, एलपीजीचं भोक बारीक, आणि प्रेशरही वेगळं. आतल्या पट्टीवर काय छापलंय ते बघा. नॅचरल गॅसच्या जेटवर एलपीजी जाळला तर ज्योत लांब पिवळी होते, काचेवर काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला वास नाही रंग नाही. गॅस गीझरनं बाथरूममध्ये माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, कारण हेच, गॅस नीट न जळणं आणि हवा न खेळणं. जेट कुणाकडून ड्रिल मारून घेऊ नका, कंपनीचा कन्व्हर्जन किट मिळतो तोच बसवा.

दुसरं म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. सिलिंडर बाहेर उभा ठेवा, खड्ड्यात किंवा तळघरात नको. पाहुण्यांकडून पैसे घेता तर घरगुती १४.२ किलोचा चालत नाही, १९ किलोचा कमर्शियल घ्या. वास आला तर रिमोट, बटण काही दाबायचं नाही, रेग्युलेटर बंद करायचा, दारं उघडायची आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. हे आईंनाही सांगून ठेवा.

कणकुंबी_घाटमाथा
दादा, पट्टीवर प्रोपेन लिहिलंय आणि ज्योत निळी, टोकाला तेवढी पिवळी. काच स्वच्छ आहे. सिलिंडर कमर्शियलच आहे, मागच्या पडवीत. कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मिळतो म्हणे, तो मागवतोय.

खरं आता नवीन भानगड. डबा भिंतीवर नेला, रिमोट दाबला की डब्यातून टिक आवाज येतो पण आग लागत नाही. पीप पण नाही. पायलट व्यवस्थित चालू आहे. व्हॉल्व्हवर वायरचा तुकडा लावला की लागते! वायरमननं बेलची बारीक वायर वापरलीय, फिरवून फिरवून आणली, बरीच लांब झालीय.

उद्यमबाग_अण्णा
सापडलं तुमचं. टिक आवाज आला म्हणजे रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलूलाल्यात, तिथं काही दोष नाही. अर्ध्या पाऊण व्होल्टात लांब आणि बारीक वायर म्हणजे अर्धी शक्ती वाटेतच संपते, व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. २३० ला जे चालतं ते इथं चालत नाही. जाड तांब्याची वायर घ्या, १ स्क्वेअर एमएम तरी, सरळ आणि जितकी आखूड तितकी चांगली, मध्ये जोड नको. टोकं सोलून घट्ट पिळा, पट्टीवर गंज असेल तर पॉलिश पेपर मारा. मल्टीमीटर असेल तर व्हॉल्व्हवरच्या टीपी आणि टीएच/टीपी ह्या पट्ट्यांमध्ये मिलीव्होल्ट बघा, मोठी आग बंद असताना साडेचारशे पाचशेच्या वर पाहिजे, तीनशेच्या खाली असेल तर दांडी साफ करावी लागेल.

लांब जाणं टाळायचं असेल तर डबा पेटीच्या बाहेर बाजूलाच ठेवा आणि मध्ये पत्र्याचा आडोसा करा, पत्रा आणि डबा ह्यात बोटभर हवा खेळू दे.

कणकुंबी_घाटमाथा
तसंच केलं. बेळगावला कामासाठी आलोच होतो, उद्यमबागेत पत्रा बेंड करून घेतला, एल आकाराचा, आणि डबा जाळीच्या बाहेर बाजूला बसवला. जाड वायर जेमतेम हातभर लागली. संध्याकाळभर चालवली, एकदाही पीप नाही. आई खुर्चीत बसून चालू बंद करतेय, तिला फार बरं वाटतंय. पाहुण्यांची पोरं रिमोट घेऊन खेळतात, त्याला काय करू? आणि रिमोट परत जोडायची वेळ आली तर?

उद्यमबाग_अण्णा
छान झालं की ओ. जोडायला रिसीव्हरवर लर्नचं बारीक बटण असतं, टाचणीनं दाबून सोडा आणि लगेच रिमोटचं ऑन दाबा, पीप आला की जोडला. डब्यावरची सरकवायची पट्टी मधल्या रिमोट खुणेवर पाहिजे, ऑफवर असेल तर काही होणार नाही. पोरं असतील तेव्हा तीच पट्टी ऑफवर सारा आणि रिमोट वर ठेवा, काच पण भयंकर तापते. बरेच दिवस वापरणार नसाल तर डब्यातले सेल काढा आणि व्हॉल्व्हचा नॉब ऑफ करून पायलटही बंद करा, नाहीतर गॅस उगाच जळत राहतो. परत पेटवताना आधी पाच मिनिटं थांबा, वास नाही ना बघा, मग नॉब दाबून धरून पेटवा आणि पेटल्यावरही अर्धा एक मिनिट सोडू नका.