अनुभव धागा: तुमच्या शॉपमधलं कायझेन फळ्यावर आहे की मशीनवर?

कायझेन म्हणजे कामात सतत थोडीथोडी सुधारणा. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठल्याही कारखान्यात शिरा, दारातच ‘५ एस’चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पाच पायऱ्यांचा, बोर्ड. सेइरीपासून शित्सुकेपर्यंत पाचही जपानी शब्द, खाली मराठी अर्थ. ऑडिट आलं की पिवळे पट्टे नव्यानं मारायचे, हेही ठरलेलं. टोयोटानं कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत १९५१ मध्ये सुरू केली आणि टिकवली. आपल्याकडं कुठं टिकली, कुठं बारगळली, ते लिहा. तत्त्वज्ञान नको, घडलेलं सांगा. कंपनीचं नावही नको.

फौंड्रीवाला
आमच्याकडं कोअर, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी यावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे ठोकळे, तुटायचे. कोअर शॉपमध्ये तपासलेले चांगले, मोल्डिंगला पोचले की कडा उडालेल्या. कोअरवाले म्हणायचे मोल्डिंगवाले आपटतात, मोल्डिंगवाले म्हणायचे वाळू बांधणारं रेझिन कमी पडलंय. मीटिंगमध्ये रेझिन वाढवायचं ठरत आलेलं. रेझिन वाढलं की गॅस वाढतो आणि कास्टिंगला ब्लो होल (गॅसची भोकं) येतात, म्हणजे एक रिजेक्शन घालवून दुसरं घरात घ्यायचं. नवे प्लँट हेड मीटिंग सोडून ट्रॉलीबरोबर चालत गेले. दोन शेडच्या मधे पावसाच्या पाण्याची चर आहे, तिच्यावरच्या जाळीत चाक उतरायचं आणि ट्रॉली दणकायची. ढकलणाऱ्या हेल्परला हे आधीपासून माहीत होतं. “सांगितलं का नाहीस?” तर म्हणाला, “मला कोण इचारतंय सायेब?”
दुसऱ्या दिवशी जाळीवर चेकर्ड प्लेट बसली, ट्रॉलीत जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे अंथरले. रेझिन होतं तेवढंच राहिलं. फळ्यावर त्या हेल्परचा फोटो लागला, त्याचं त्याला फार अप्रूप नव्हतं. प्लेट लगेच बसली, याचं होतं. आता सँड प्लँटचंही न विचारता सांगतो.

सेटर, गोकुळ शिरगाव
जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगोंचं एसएमईडी (मशीनचं सेटिंग झटपट बदलायची पद्धत) ट्रेनिंगमध्ये शिकवलं: सेटिंग दहा मिनिटांच्या आत. आमचं फिक्स्चर (जॉब घट्ट धरायची पकड) बदलताना पाळीचा चांगला तुकडा जायचा. व्हिडिओ काढून बघितला, तर बराच वेळ सेटर मशीनपाशी नव्हताच. कधी टूल क्रिबला (हत्यारांच्या खोलीत), कधी क्रेनची वाट बघत, कधी एलन की हुडकत. आता पुढच्या जॉबचं फिक्स्चर, टूल, प्रोग्रॅम सगळं मशीन चालू असतानाच ट्रॉलीवर लावून ठेवतो. दहा मिनिटांत अजून होत नाही, खोटं कशाला सांगू? पण सेटिंग लांबतंय म्हणून एकदम मोठा लॉट काढून ठेवायचा, तो प्रकार बंद झाला. रॅकखाली गंजत पडलेला मालही गेला.

रात्रपाळी
सूचनापेटी आहे. कुलूप आहे. किल्ली एचआरकडं. एचआर पुण्यात.

नाव नको
कडू लिहितो. लाइनवर हातातलं सामान जवळ आणायचं आम्हीच सुचवलं. काम सोपं झालं, बक्षीस म्हणून छत्री मिळाली, आणि तिघांचं काम दोघांत बसतंय म्हणून ठेकेदाराकडचा पोरगा घरी गेला. त्यानंतर फळा कोरा. मॅनेजर विचारतात, सहभाग का नाही?

फौंड्रीवाला
@नाव नको, यात तुमचं काही चुकलं नाही. आमच्या मालकांनी सुरुवातीलाच पाळीसमोर सांगितलं होतं, मोकळा झालेला माणूस दुसऱ्या लाइनला जाईल, बाहेर जाणार नाही. दोनदा ते पाळलेलं बघितल्यावर लोक बोलायला लागले.

वर्कशॉपवाली, उद्यमनगर
आमचं छोटं जॉबवर्क. बोर्ड नाही, ऑडिट नाही. सुधारणा रोज होते, कारण मेस्त्रींचं डोकं गप्प बसत नाही. बोअरिंगसाठी (भोक मापात मोठं करायला) त्यांनी भंगारातून असा स्टॉपर केला की माप चुकायचं बंद. नाद खुळा! पण चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेले आणि तो स्टॉपर कुठल्या खाचेला लावायचा, कुणालाच ठाऊक नाही. फोन लागेना, डोंगरावर गुलालात कोण फोन उचलतंय? टोयोटाचे ताइची ओनो प्रमाण पद्धत लिहून ठेवण्यावर एवढा जोर का द्यायचे, ते तेव्हा पटलं. आता प्रत्येक खाचेपाशी रंगाचा ठिपका आणि पार्ट नंबर आहे. मेस्त्री जरा नाराज होते, “माझी विद्या भिंतीवर टांगली” म्हणून. मग कुठला ठिपका कुठल्या रंगाचा, हे त्यांनीच ठरवलं.

सेटर, गोकुळ शिरगाव
@फौंड्रीवाला, ट्रॉलीची चाकं कसली? आमची लोखंडी, लई हादरा देतात.

फौंड्रीवाला
पीयूची (पॉलियुरेथेनची) घ्या. पण गरम कास्टिंगकडं ती ट्रॉली नेऊ नका, चाक मऊ पडतंय. तिकडं लोखंडीच बरी.