सुट्टीतलं वाचन: पुस्तक विकत कशाला?
अमेरिकेत शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला कादंबऱ्या देतात, त्यावर 'इंटरनेटवरचा सारांश वाचून भागतं, अख्खी कादंबरी कोण वाचतंय' असं काही जण म्हणतात, ते अर्धंच पटलं. मुलीच्या एपी लिटरेचरच्या (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा साहित्याचा कोर्स) टीचरना समासात टिपणं हवी असतात, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडली की लगेच वर्गात बसून निबंध. तिथे सारांशवाले बरोबर सापडतात.

लायब्ररीच्या प्रतीवर पेन चालवता येत नाही, म्हणून सगळे विकत घेतात. पण यादीतली 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी १९२५ची. अमेरिकेत १ जानेवारी २०२१पासून कॉपीराइटमुक्त आहे आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळते. आम्ही रुंद समास ठेवून छापली, स्पायरल लावलं, खुशाल खरड म्हटलं. नव्या पुस्तकांना मात्र लायब्ररीची प्रत आणि स्टिकी नोट्स. टीचरना आधी विचारा, काही जणी फार कडक असतात.