पृथ्वी आधीपण गरम झाली होती ना, मग तेव्हा समुद्र किती चढला?

कृष्णाकाठ, सांगली
मुलगी नववीत आहे, काल जेवताना हे विचारलं आणि मला काय सांगता येईना. आम्हाला पाणी चढलं म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट झालं एवढंच माहिती. आणि मोजायला तेव्हा कुणी नव्हतं तर हे कळतं कसं? कुणीतरी नीट सांगा.

सातारकर
लय चांगलं विचारलंय पोरीनं. साधारण 1 लाख 25 हजार वर्षांपूर्वी असा उबदार काळ होता, पृथ्वीचा अक्ष आणि कक्षा हळूहळू बदलत असते त्यामुळं उत्तरेकडं उन्हाळ्यात ऊन जास्त पडायचं, ध्रुवांकडं आजच्यापेक्षा 3 ते 5 अंश जास्त गरम होतं, आणि समुद्र आजच्यापेक्षा 6 ते 9 मीटर वर होता. 6 मीटर म्हणजे 20 फूट. आपला पूर आठ-दहा दिवसांत ओसरतो, ते पाणी हजारो वर्षं तसंच होतं.

कळतं कसं, तर तुमच्याकडं घराच्या भिंतीवर 2005 ची आणि 2019 ची रेघ असते ना, तसंच. काही जातीचं प्रवाळ, म्हणजे पोवळं, समुद्राच्या उथळ पाण्यातच वाढतं. ते आज किनाऱ्यावर उंच कोरड्यात सापडतं. जमीन स्वतः वरखाली झाली असेल तर तेवढं वजा करायला लागतं, ते किचकट काम आहे.

वाईकर_97
पण बर्फ तर पाण्यात तरंगतो, ग्लासातला बर्फ वितळला तर पाणी कुठं वाढतंय?

सातारकर
तरंगणाऱ्या बर्फानं जवळपास नाहीच वाढत, बरोबर. प्रश्न जमिनीवरच्या बर्फाचा आहे. एकट्या ग्रीनलंडवर समुद्र 7 मीटर वाढवेल एवढा बर्फ आहे. आणि पश्चिम अंटार्क्टिकाचं मला खरंच भ्या वाटतं, तिथला बर्फ टेकलाय ती जमीनच बऱ्याच ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत आत जाईल तशी खोल होत जाते, त्यामुळं गरम पाणी खालनं शिरलं की कडा मागं सरकत जाते आणि थांबायला आधार सापडत नाही. हिमयुग संपताना, साधारण 14,500 वर्षांपूर्वी, 500 वर्षांच्या आतच समुद्र 12 मीटरच्या वर चढला होता. तेव्हा उत्तर अमेरिकेवरपण प्रचंड बर्फ होता, तो आज नाही, पण बर्फ कायम सावकाशच जातो असं समजू नका.

कृष्णाकाठ, सांगली
दादा मनापासून आभार. तिला भिंतीवरची रेघ दाखवून सांगितलं, लगेच कळलं. आता विचारतीय पोवळ्याचं वय कसं काढतात?

सातारकर
पोवळं वाढताना समुद्रातलं युरेनियम आत घेतं, थोरियम जवळपास घेतच नाही. पुढं त्या युरेनियमचं ठरलेल्या वेगानं थोरियम होत जातं, ते किती झालंय मोजलं की वय निघतं. अजून विचारू दे तिला.