२७ इंची १४४०पी मॉनिटरवर गेममधली अक्षरं बारीक दिसतात. रेझोल्यूशन कमी करू का?

फुरसतवाला

नमस्कार मंडळी,

२४ इंची १०८०पी (१९२०×१०८० पिक्सेलचा) मॉनिटर काढून २७ इंची १४४०पी (२५६०×१४४०) घेतला. डोंगर, झाडं, चिलखतावरचे ओरखडे, सगळं झकास दिसतंय. अडचण आहे ती अक्षरांची. मी मुख्यतः स्ट्रॅटेजी आणि आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचे गेम) खेळतो, म्हणजे निम्मा वेळ वाचनातच जातो. नव्या पडद्यावर तीच अक्षरं बारीक झाली आहेत. गेममध्ये १९२०×१०८० ठेवलं तर मोठी होतात, पण पुसट दिसतात. तलवारीच्या माहितीतला इंग्रजी आकडा तीन आहे की आठ, हे कळायला मान पुढे न्यावी लागते. डोळे नुकतेच तपासून घेतलेत, चष्म्याचा नंबर तोच आहे.

पडदा मोठा, रेझोल्यूशन जास्त, मग अक्षरं लहान का व्हावीत? आणि अक्षरं मोठी हवीत, चित्रही स्वच्छ हवं, तर नेमकं कोणतं सेटिंग धरायचं? ग्राफिक्स कार्ड मध्यम आहे, जड गेमला १४४०पीवर त्याची दमछाक होते.

चांदणभूल

फुरसतवाला, १०८०वर अजिबात आणू नका. मी गेममधली पत्रं, जुनी पुस्तकं, शस्त्रांची वर्णनं, एकूण एक मजकूर वाचणारी आहे, त्यामुळे या विषयावर जरा सविस्तर लिहिते.

आधी अक्षरं लहान का झाली ते. २४ इंची १०८०पीवर एक पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, साधारण ०.२८ मिलिमीटरचा असतो, २७ इंची १४४०पीवर ०.२३ मिलिमीटरचा. बऱ्याच गेममध्ये, विशेषतः जुन्या, अक्षराची उंची पिक्सेलमध्ये पक्की केलेली असते. १२ पिक्सेलचं अक्षर तुमच्या आधीच्या मॉनिटरवर ३.३ मिलिमीटर उंच होतं, आता २.८. पडदा वाढला, पण पिक्सेल त्याहून जास्त वाढले.

पुसटपणाचं कारण वेगळं. २५६० भागिले १९२० म्हणजे १.३३. गेमच्या एका पिक्सेलला पडद्याचा एक पिक्सेल आणि वर एक तृतीयांश द्यावा लागतो, पण पिक्सेलचे तुकडे होत नाहीत. मग तो उरलेला रंग शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळला जातो. इंग्रजी एलची उभी रेघ एका पिक्सेलची असेल, तर ताणल्यावर तिच्या कडेला करडी पट्टी येते. इंग्रजी तीन आणि आठ यांच्यातला फरक डावीकडच्या एखाद-दोन पिक्सेलांचाच असतो, नेमका तोच त्या करड्यात बुडतो. जुन्या सीआरटी (काचेच्या नळीच्या) मॉनिटरला असं एकच ठरलेलं रेझोल्यूशन नसायचं, म्हणून तिथे कमी-जास्त केलं तरी अक्षरं इतकी बिघडत नसत.

आता उपाय. चित्र आणि अक्षरं या दोन गोष्टी वेगळ्या धरा. गेमचं रेझोल्यूशन २५६०×१४४०च राहू द्या. कार्डावरचा ताण कमी करायला रेंडर स्केल (त्रिमितीय चित्र आतून किती टक्के पिक्सेलांत काढायचं ते) खाली आणा किंवा डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस या लहान चित्र काढून मोठं करणाऱ्या तंत्रांपैकी जे असेल ते चालू करा. १४४०पीवर डीएलएसएसच्या क्वालिटी मोडमध्ये त्रिमितीय चित्र आतून १७०७×९६० इतकंच काढलं जातं आणि मग वाढवलं जातं. मेनू, संवाद, यादी, नकाशावरची नावं मात्र त्यानंतर पूर्ण १४४०पीवर काढली जातात, म्हणून ती कोरल्यासारखी राहतात. लांबची विजेची तार किंवा कुंपणाची जाळी थोडी थरथरेल. मला ते चालतं, वाचताना अडखळणं चालत नाही.

मात्र ड्रायव्हरमधून (ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) चालणारं अपस्केलिंग, म्हणजे चित्र ताणून मोठं करणारं एएमडीचं आरएसआर किंवा एनव्हीडियाचं एनआयएस, यासाठी घेऊ नका. ते पूर्ण तयार चित्र ताणतं, अक्षरांसकट.

अक्षरांचा आकार वाढवायला गेमच्या पर्यायांत यूआय स्केल (मेनू आणि अक्षरांचा आकार) किंवा टेक्स्ट साइझ शोधा. हा पर्याय प्रत्येक गेममध्ये असायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. २००६ साली डेड रायझिंग हा गेम आला तेव्हा साध्या टीव्हीवर त्यातले संवाद वाचता येत नव्हते, अक्षरं एचडी टीव्हीच्या हिशेबाने ठेवलेली होती. विचर ३ मध्ये २०१५ साली लोकांनी ओरड केल्यावर मोठ्या अक्षरांचा पर्याय अपडेटमधून आला. एक्सबॉक्सच्या सुलभतेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये १०८०पीवर कन्सोलसाठी किमान २६ पिक्सेल आणि पीसीसाठी १८ पिक्सेल उंची सांगितली आहे. तरीही नवे गेम बारीक अक्षरं घेऊन येतातच. तसं दिसलं की त्या गेमच्या लोकांना जरूर लिहा, मी लिहिते.

घार

चांदणभूल यांच्याशी बहुतांशी सहमत, पण फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांनी हा सल्ला जसाच्या तसा घेऊ नये. आमची अक्षरं मेनूत नसतात, कॉकपिटमध्ये असतात. उंचीचा आकडा, वेग, रेडिओची फ्रिक्वेन्सी हे सगळं त्रिमितीय चित्राचाच भाग आहे. रेंडर स्केल खाली आणलं की आधी तेच जातं. डीएलएसएस लावलं तर बदलता आकडा मागे पुसट सावली सोडतो, कारण ते तंत्र आधीच्या फ्रेममधली माहिती पुढे वापरतं. उतरताना उंचीचा आकडा भराभर बदलत असतो आणि नेमका तेव्हाच तो वाचायचा असतो.

मी रेंडर स्केल १०० टक्के ठेवतो आणि ढग, सावल्या, लांबची झाडी कमी करतो. ग्राफिक्सच्या पर्यायांत अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ करा. बाजूचं पॅनल आपल्याला तिरकं दिसतं, तिरक्या पृष्ठभागावरची अक्षरं यानेच सावरतात आणि कार्डावर फारसा भारही पडत नाही. रेसिंगमधला डॅशबोर्ड, भिंतीवरच्या पाट्या, टेबलावर पडलेली चिठ्ठी, सगळ्यांना हेच लागू.

चांदणभूल

घार, बरोबर. भिंतीवरच्या पाट्यांचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. चिठ्ठीवर क्लिक केल्यावर तिचा मजकूर वेगळ्या चौकटीत दाखवणारे गेम म्हणूनच मला आवडतात.

फुरसतवाला

दोघांचेही आभार. रेंडर स्केलचा पर्याय सापडला, नव्या गेमची सोय झाली. पण १९९८-२००० च्या काळातले दोन-तीन आरपीजी मी अजून खेळतो. त्यांत यूआय स्केल नावाची गोष्टच नाही. १४४०पी दिलं की माणसं मुंगीएवढी आणि अक्षरं त्याहून लहान.

चांदणभूल

तिथे उलट करायचं, रेझोल्यूशन खाली आणायचं, पण पूर्ण पटीत बसेल असंच. ते गेम मुळात ६४०×४८०साठी रंगवलेले होते. ४८०ची तिप्पट १४४०. म्हणजे तुमच्या पडद्याची उंची बरोबर भरते, रुंदी १९२० होते आणि दोन्ही बाजूंना ३२० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. प्रत्येक पिक्सेल तीन बाय तीनचा होतो, करडं काहीच येत नाही. ८००×६०० दुपटीत १६००×१२०० होतं, तेही छान. रुंद पडद्यावर चालणारा गेम असेल तर १२८०×७२०, बरोबर दुप्पट.

फक्त पटीत आकडा देऊन भागत नाही, कारण ड्रायव्हर तरीही कडा मऊ करतो. त्याच्या स्केलिंगच्या पर्यायांत इंटीजर स्केलिंग (कडा मऊ न करता पूर्ण पटीतच मोठं करणं) चालू करा. एनव्हीडियाने ते २०१९ साली ट्युरिंग पिढीच्या कार्डांपासून दिलं, एएमडी आणि इंटेलकडेही आहे.

आणखी एक. विंडोजमध्ये १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग ठेवलं असेल, तर काही जुने गेम त्यानेच पुसट होतात. गेमच्या इएक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथे हाय डीपीआयच्या सेटिंगमध्ये ओव्हरराइडवर खूण करून ॲप्लिकेशन निवडा.

निळाई

पीसी टीव्हीला जोडणाऱ्यांसाठी थोडं. ४के टीव्हीवर सगळं नीट असूनही लाल किंवा निळी अक्षरं फाटल्यासारखी दिसत असतील, तर तो रेझोल्यूशनचा दोष नसतो. पीसी ते टीव्ही या वाटेत रंगाची माहिती कमी केली जाते, ४:४:४च्या (प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग) जागी ४:२:० किंवा ४:२:२ (शेजारच्या पिक्सेलांना मिळून एकच रंग). पांढऱ्या अक्षरांवर फारसं कळत नाही, काळ्यावर लाल असेल तर लगेच कळतं. टीव्हीच्या इनपुटला पीसी असं नाव दिलं की बऱ्याच टीव्हींत ४:४:४ चालू होतं. एचडीएमआय २.० जोडणी असेल तर ४के, ६० हर्ट्झ आणि १० बिट एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) हे तिन्ही ४:४:४मध्ये एकत्र बसत नाहीत. खूप वाचायचा गेम असेल तेव्हा मी एचडीआर बंद करते. आणि टीव्हीचा शार्पनेस खाली आणा, तो अक्षरांभोवती पांढरी कड काढतो.