'ग्रुनवाल्डची लढाई': मोठ्या चित्रापेक्षा त्याचे कच्चे चित्र सरस नाही का?

धागाकर्ता
पोलिश चित्रकार यान मातेयको यांचे 'ग्रुनवाल्डची लढाई' (१८७८) हे चित्र वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पोलंड आणि लिथुआनिया यांनी १४१० साली ट्यूटॉनिक सरदार या जर्मन धार्मिक-लष्करी संघावर मिळवलेला विजय त्यात रंगवला आहे. ते सव्वाचार मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. तरीही त्यांनी आधी तैलरंगात केलेले लहान कच्चे चित्र मला अधिक सरस वाटते. त्यात माणसे, घोडे आणि भाले रंगांच्या लोटात मिसळून जातात, त्यामुळे लढाईची धुमश्चक्री आधी जाणवते आणि कोण कुठे आहे हा प्रश्न नंतर पडतो. मोठ्या चित्रात मात्र प्रत्येक चिलखत आणि प्रत्येक घोड्याचा साज सारख्याच हट्टाने पुढे येतो. डोळ्याला विसावा असा मिळतच नाही.

प्रतिसाद १
मला हे मुळीच पटत नाही. शेजारी सत्तांनी वाटून घेतल्यामुळे १७९५ नंतर पोलंड नकाशावर उरला नव्हता आणि मातेयकोंचे क्राकूव शहर ऑस्ट्रियाच्या ताब्यात होते. तलवार उगारलेला, लाल पोशाखातला लिथुआनियाचा शासक विटोल्ड, साध्या पायदळ सैनिकांच्या हातून मरणारा ट्यूटॉनिक सरदारांचा प्रमुख उलरिख फॉन युंगिंगेन आणि वर आकाशात गुडघे टेकून बसलेला पोलंडचा रक्षक संत स्तानिस्लाव हे सारे प्रेक्षकाला ओळखू यायलाच हवे होते. चित्र पूर्ण झाल्यावर क्राकूवने चित्रकाराला राजदंड अर्पण केला, तो कुंचल्याच्या सफाईदार फटकाऱ्यांसाठी खचितच नव्हे.

धागाकर्ता
राजदंडाने चित्राची लोकप्रियता सिद्ध होते, रचना नव्हे. विटोल्ड त्याच्या लाल पोशाखावरूनच ओळखू येतो. त्यासाठी कडेच्या शिपायाचा कमरपट्टाही तितक्याच बारकाईने रंगवण्याची गरज नव्हती. माझा आक्षेप नवाही नाही. पोलिश समीक्षक स्तानिस्लाव व्हितकेविच यांनी एकोणिसाव्या शतकातच मांडले होते की, बिचिनाच्या लढाईतला पोलिश सेनापती झामोयस्की रंगवला काय किंवा सलगम गोळा करणारी कुणी खेडवळ काश्का रंगवली काय, चित्राचे मोल विषयावरून ठरत नाही.

प्रतिसाद २
व्हितकेविच यांचा निकष मान्य केला तरी पट्टा गौण ठरत नाही. मातेयकोंनी १८६० साली पोलंडमधील जुन्या पोशाखांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. त्यांच्या लेखी पोशाख ही सजावट नव्हती, पुरावा होता. शिवाय कच्चे चित्र त्यांनी आपल्यासाठी, रचना पडताळण्यापुरते केले होते. त्यातला मोकळेपणा आपल्याला भावतो, कारण आपली नजर पुढच्या चित्रकारांनी घडवली आहे.

धागाकर्ता
नजरेचा मुद्दा मान्य आहे. पण रचना पडताळण्यासाठीच ते केले असेल, तर रचनेपुरता निवाडा त्याच्याच बाजूने द्यायला काय हरकत आहे?