मदत हवी आहे : ३०० अश्वशक्तीचं इंजिन पाच वर्षांत १६५वर कसं आलं?

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो. शेजारच्या आजोबांकडे १९७५ची शेवरोले कॉर्व्हेट आहे. शनिवारी ते बॉनेट उघडून बसतात आणि मी त्यांच्या हातात पाने-पक्कड देत असतो. त्यांनी जुनी माहितीपत्रकं जपून ठेवली आहेत, त्यातले आकडे पाहून मी चक्रावलो. साध्या मॉडेलमधलं ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन १९७०मध्ये ३०० अश्वशक्तीचं होतं. १९७१मध्ये २७०, १९७२मध्ये २०० आणि १९७५मध्ये १६५!

आजोबांचं म्हणणं एकच : राष्ट्राध्यक्ष निक्सनने ३१ डिसेंबर १९७०ला क्लीन एअर अ‍ॅक्टवर, म्हणजे हवा प्रदूषणाच्या कायद्यावर, सही केली आणि इंजिनं मेली. मला ते अर्धवट वाटतं. कायद्याने कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी कमी करायला सांगितले होते, ताकद कमी करा असं कुठे म्हटलं होतं? शिवाय १९७१ ते ७२ या एकाच वर्षात ७० अश्वशक्ती गेली कुठे?

आता आजोबांच्या मनात ईजीआर व्हॉल्व (जळका वायू परत इंजिनात सोडणारी झडप) काढून टाकायचं आहे, म्हणजे गेलेली ताकद परत येईल. मला हे पटत नाही, पण समजावून सांगण्याइतकं मला कळत नाही. जाणकारांनी मदत करावी, येत्या शनिवारच्या आत उत्तर मिळालं तर फार बरं.

प्रतिसाद १

त्या ७०मधला बहुतेक भाग कागदावरचा आहे. १९७१पर्यंत 'ग्रॉस' आकडा छापायचे : इंजिन टेस्ट बेंचवर, एअर फिल्टर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, ठिणगीचं टायमिंग सर्वांत सोयीचं. १९७२पासून 'नेट', म्हणजे गाडीत बसवल्यावर जे जे जोडलेलं असतं ते सगळं लावून. १९७१ला जनरल मोटर्सने दोन्ही आकडे दिले होते. तुमच्या इंजिनाचा ग्रॉस २७०, नेट २१०. इंजिन तेच, वर्ष तेच, फरक ६०चा.

आता हिशोब करा. ३०० ते २७० ही ३०ची घट खरी. २७० ते २१० नुसती मोजपट्टी बदलली. २१० ते १६५ ही ४५ची घट पुन्हा खरी. १३५पैकी ७५ खरी. ढोबळ हिशोब आहे, पण ३००ची १६५शी थेट तुलना करणं चूकच.

प्रतिसाद २

वरच्या हिशोबातली पहिली ३० कॉम्प्रेशन कमी केल्यामुळे गेली. सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो रेशो १९७०ला १०.२५ होता, १९७१ला ८.५ केला. एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येणार हे दिसत होतं आणि त्यातल्या प्लॅटिनमवर पेट्रोलमधलं शिसं बसलं की तो निकामी होतो. शिसं काढलं की ऑक्टेन घसरतं, मग जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनात मिश्रण अवेळी पेटून ठकठक होते, म्हणजे इंजिन नॉक करतं. म्हणून जनरल मोटर्सने ९१ ऑक्टेनवर चालतील अशी इंजिनं कन्व्हर्टरच्या चार वर्षं आधीच आणली.

पुढची ४५ धूर कमी करायच्या कामचलाऊ उपायांत गेली. स्पार्क उशिरा द्यायचा, म्हणजे एक्झॉस्ट जास्त गरम राहतो आणि उरलेलं इंधन पाइपातच जळतं. पण ती उष्णता पिस्टन ढकलायच्या कामी येत नाही. मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त, ठेवायचं, तेही कार्बोरेटरने, ज्याला एक्झॉस्टमध्ये काय चाललंय याचा पत्ताच नसतो. १९७५ला तर कॉर्व्हेटचे दोन्ही एक्झॉस्ट पाइप एकाच कन्व्हर्टरमध्ये नेले. श्वास कोंडल्यासारखंच झालं ते.

आजोबांना एक नक्की सांगा. १९८५ला याच ३५० घनइंची इंजिनावर प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन देणारं फ्युएल इंजेक्शन आलं, तेव्हा नेट २३० मिळाले, आणि कन्व्हर्टर गाडीत होताच. कमी पडलं ते इंधनावरचं नियंत्रण. मला त्या कायद्याला दोष देणं अन्यायाचं वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये लोकांचे डोळे झोंबायचे तो धुरकट थर गाड्यांच्या धुरातून होतो, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं.

प्रतिसाद ३

ईजीआरला हात लावू नका! तो थोडा जळका वायू परत सिलिंडरमध्ये सोडतो, त्याने ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. पण हा व्हॉल्व व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनाच्या शोषणावर, उघडतो. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, म्हणजे व्हॉल्व बंद. कमाल ताकद मोजतात तेव्हा तो कामच करत नसतो, मग काढून मिळणार काय? उलट एकसारख्या वेगाने जाताना इंजिन नॉक करू लागेल.

त्यापेक्षा व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या बघा. पन्नास वर्षांत रबर कडक होऊन तडकतं. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (ठिणगी थोडी लवकर देणारा भाग) त्यावरच चालतो, तो मेला की गाडी मरगळते.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. १९७१च्या माहितीपत्रकात खरंच दोन्ही आकडे आहेत, २१० बारीक अक्षरांत. आजोबांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, नळ्या मागवूया. ईजीआर जागेवरच राहील. डिस्ट्रिब्युटरच्या नळीपासून सुरुवात करू की कार्बोरेटरच्या बुडाच्या गॅस्केटपासून, एवढं कोणी सांगेल का?